आत कोन शे?

रविवारी सकाळी धुळ्याहून फोन आला. नाना गेले. आईने पुढे ठेवलेला चहा तसाच गार झाला... सोमवारी मात्र मी नेहमीच्या वेळेला जळगावच्या आमच्या केळी वाहतुकीच्या ऑफिसात जाऊन बसले. घरी बसून तरी नानांबद्दल कोणाशी बोलणार होते?

ऑफिसात कॉम्प्युटरचं काम कळणारे आम्ही दोघंच, नाना आणि मी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरबरोबर तयार रुटीनची, म्हणजे आयत्या लिहिलेल्या तुकड्यांची, एक लायब्ररी आली होती, तिच्या आधाराने आम्ही आमचे छोटे प्रोग्राम लिहायचो. प्रोग्रामने आधी सेशन, म्हणजे हिशेबाशी जोडणी, उघडायचं, काम करायचं आणि ते बंद करून बाहेर पडायचं. उघडं राहिलं, तर दुसऱ्या कोणाला कॉम्प्युटरमधल्या हिशेबाच्या वह्याच उघडता येत नसत. नानांची त्या बाबतीतली शिस्त जीव नकोसा करणारी. संध्याकाळी दारात उभे राहून अहिराणीत विचारायचे, "आत कोन शे?" मी समोर पर्स घेऊन उभी असले तरी! "कोणी नाही, नाना," असं मी म्हटल्याशिवाय कुलूप लागत नसे.

एकदा माझा प्रोग्राम एका चुकीच्या नोंदीवर अडखळून मध्येच थांबला. सेशन बंद करायची ओळ अगदी शेवटी होती, तिथवर तो पोचलाच नाही, आणि मी भडगावला लग्नाला निघून गेले. दोन दिवस ऑफिस ठप्प. परतल्यावर वाटलं, आता बोलणी बसणार. नाना एवढंच म्हणाले, "माय, काम बिघडनं तरी बी दार लावनं पडस. ते बी लिखी ठेव." म्हणजे काम मध्येच अडलं तरी सेशन बंद करणारी ओळ हवीच. मग अडकलेलं सेशन सोडवणारा एक प्रोग्राम त्यांनी स्वतःच लिहून ठेवला. कोण अडकलंय, त्याचं नाव तो विचारतो. तिथे कायम माझंच नाव टाइप व्हायचं आणि नाना आठवडाभर मला चिडवायचे.

त्या सोमवारी वह्या उघडेनात. पडद्यावर नानांचं नाव होतं. शनिवारी छातीत कसंतरी होतंय म्हणून ते भर दुपारी टेबलावरून उठून धुळ्याच्या एसटीला गेले होते. "तुम्ही जा, मी बघते," असं मीच म्हणाले होते. आणि बघितलं नव्हतं... सेशन सोडवणाऱ्या त्यांच्याच प्रोग्राममध्ये मी त्यांचं नाव टाइप केलं. मग एन्टर दाबलं. वह्या उघडल्या.

अजूनही संध्याकाळी कुलूप हातात घेऊन मी दारात थांबते आणि विचारते. उत्तर द्यायला कोणी नसतं. म्हणून परत आत जाऊन दोन्ही कॉम्प्युटर बघून येते.