आत्याचं उतरलेलं वजन

धारहून वहिनीचा फोन आला तेव्हा मी देवासला डाळ निवडत बसले होते. कुसुमआत्या गेल्या, एवढंच ती बोलू शकली. महिना होत आला. अजून फोन वाजला की वाटतं, आत्याच असेल, जेवलीस का म्हणून विचारेल...

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, धारच्या शाळेतून निवृत्त झालेली. बोलणं ठसक्यात, जेवण मनापासून आणि गुडघे सदा कुरकुरते. नर्मदेवर तिचा भारी जीव. दर नर्मदा जयंतीला धरमपुरीला जायचं, घाट उतरून पाण्यात उभं राहायचं. गुडघ्यांची झीज वाढली तशी ती वरच्याच पायरीवर बसायला लागली. कोणी लोटाभर पाणी आणून पायांवर घातलं की हसायची, पण डोळे भरून यायचे. एकदा तरी आपल्या पायांनी खाली जायचं, हा एकच ध्यास राहिला होता.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. दुसऱ्या कोणी पथ्य धरलं असतं, आमच्या आत्यानं व्रत धरलं! चातुर्मासात एकभुक्त राहायची चाल घरात होतीच. चातुर्मास सरला तरी तिनं ती सोडली नाही. डाळ वातूळ म्हणून बंद, दूध कफाचं म्हणून बंद. वजन झरझर उतरलं आणि आम्ही सगळे खूश. शेजारचे भैया, आमच्याकडच्या बोलीत भिया, तर म्हणायचे, आत्याजी तो जवान हो गईं. तिला काम पडू नये म्हणून आम्ही घरातलं सगळं तिच्या हातातून काढून घेतलं. तरी पायऱ्या काही उतरवेनात. गुडघेच ते, म्हणून आम्ही मोकळे.

माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिला व्यायाम-उपचार करणाऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एक्स-रे बघून बाजूला ठेवला. टेपनं पोटरीचा घेर मोजला, आपला हात तिला घट्ट दाबायला लावला, मग हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायला सांगितलं. आत्या उठेना. दर्द होता है क्या, त्यांनी विचारलं.

"दुखत नाही हो," आत्या म्हणाली, "बळच येत नाही."

बाई म्हणाल्या, "आत्याजी, वजन तो घटा है... पर चरबी से ज़्यादा मांस गया है."

वयानं स्नायू झिजतातच. गुडघ्यांच्या दुखण्याआड ते कोणाला दिसलं नाही, आणि उपासानं भर घातली, असं त्यांनी समजावलं. घरी येऊन आत्या रडली. मग डोळे पुसून तिनं वाटीभर वरण मागितलं. व्रताशिवाय तिला चैन कुठलं! नवं व्रत घेतलं: दोन्ही वेळा डाळ, आणि सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून उठायचं-बसायचं. अगदी सोवळ्यातल्या निष्ठेनं करायची, मध्ये कोणी बोललेलं चालायचं नाही.

गुडघे काही बरे झाले नाहीत. पण पुढे एका जयंतीला माझा खांदा धरून ती घाट उतरली. केवढा भार टाकला होता तिनं! पायरीगणिक माझा खांदा दाबला जात होता. पाण्यात पोचल्यावर मात्र तिनं हात काढून घेतला, आणि एकटी उभी राहिली. त्यानंतर काही वर्षं हे सुख आम्हाला मिळालं.

यंदा तिच्या अस्थी घेऊन धरमपुरीला गेलो. कलश माझ्या हातात होता. तोच घाट मी झपझप उतरले, कोणासाठी थांबावं लागलं नाही. पाण्याशी येऊन उभी राहिले तेव्हा कळलं... खांद्यावर काहीच नव्हतं. मला तिचा तो भार हवा होता.