पंप त्यांचा गळतो, बोलणी मला

आमच्या दुकानात आजपर्यंत एकही माणूस खुशीत आलेला नाही. मिठाईच्या दुकानात लोक हसत जातात, कापडाच्या दुकानात बायका नटूनथटून जातात. आमच्याकडे येणारा पंपाला शिव्या देत येतो आणि मला देत जातो! आता रोज कोणी ना कोणी भांडून गेलं तर किस्से साचणार नाहीत तर काय होईल?

आमचं दुकान गोंदियात. ग्लँड पॅकिंग, ऑइल सील, मेकॅनिकल सील, असला माल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, जिथून बाहेर येतो तिथं थोडी फट राहते. तिथून पाणी सुटू नये म्हणून वेणीसारखी विणलेली चौकोनी दोरी तुकडे कापून, रिंगा करून ठासतात आणि वरून दोन नटांनी दाबतात. ते पॅकिंग. कोणी सुताचं, कोणी ग्रॅफाइटचं.

आमचे हे, तेजराम, पहिले राईस मिलमध्ये फिटर होते. मोटर उचलताना कंबर गेली. तेव्हापासून ते गल्ल्यावर बसतात आणि बॅग घेऊन मी फिरते. हे गावाला पटायला वेळ लागला. काहींना अजून पटलेलं नाही.

* * *

एका मिलच्या मॅनेजरचा फोन आला. पंप गळत होता, प्लांट बंद पडायची पाळी. म्हणाला, "भैया को भेजो."

मी म्हटलं, "भैया नहीं आते, मैं आती हूँ."

"अरे भाभी, मजाक मत करो. काम अर्जेंट है."

गेले. मला बघून तो गेटकडेच बघत राहिला, मागून खरा माणूस येईल म्हणून! मी पंप बंद करायला लावला, जुनं पॅकिंग हुकानं ओढून काढलं, नवीन रिंगा बसवल्या. तो बाजूला उभा राहून सांगत होता, "भाभी, संभाल के. भाभी, हाथ में लग जाएगा." माझ्या बोटांना घट्टे पडलेत, आणि हा मला पाना कसा धरायचा ते शिकवतो!

पंप सुरू झाला, काम झकास. मी घरी पोचायच्या आत त्यानं फोन लावला. मला नाही, यांना! "तेजरामभाई, क्या काम किया आपने! थँक्यू!"

आणि आमचे हे खुर्चीत बसून म्हणतात, "वेलकम, वेलकम!"

मी बॅग आपटली. "तुमी वेलकम कायले म्हनलं? तुमी होते का तेथी?"

तर म्हणतात, "तो एवढ्या प्रेमानं देऊन राहिला, मंग का वापस करू?"

* * *

माप हा आणखी एक डोक्याला ताप. पॅकिंग मिलीमीटरमध्ये येतं. आठ, दहा, बारा. एक मिलीमीटर इकडेतिकडे झालं की बसत नाही. आता फोनवरचं बोलणं ऐका.

"ताई, पॅकिंग पाह्यजे."

"किती जाडीचं?"

"माह्या बोटाएवढं."

"कोनत्या बोटाएवढं?"

"करंगळी."

मी म्हटलं, "भाऊ, तुमची करंगळी मले कशी मालूम राहील?"

त्याला राग आला! "काऊन? मांगच्या महिन्यात लग्नात भेटलो नोव्हतो का?"

* * *

एक एजंट आला. बाहेरगावचा, शर्ट इन केलेला, बॅगेत नमुने. त्याचं पॅकिंग म्हणे इम्पोर्टेड. "मॅडम, हे जगातलं एकमेव पॅकिंग आहे ज्याला आग लागत नाही."

त्यानंच खिशातून लायटर काढला. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या काउंटरवर, त्या पॅकिंगनं भक्कन पेट घेतला! आमच्या यांनी बाटलीतलं पाणी ओतलं. वास दिवसभर गेला नाही, काउंटरवरचा काळा डाग अजून आहे.

मी त्याला दाराकडे बोट दाखवलं. तो नमुने गोळा करत, जराही न लाजता म्हणतो, "मॅडम, पंपात कोण लायटर लावायला जातो?"

* * *

चिचगडकडचा एक शेतकरी. बाजाराच्या दिवशी आला, आल्याआल्या ओरडायला लागला. दुकानात आणखी गिऱ्हाईक उभे.

"तुमचा माल खराब हाय! रंग जाते त्याचा!"

मी चक्रावले. त्याला ग्रॅफाइटचं पॅकिंग दिलं होतं, चांगल्यातलं. ग्रॅफाइट काळं असतंच, हाताला लागतंच. पण पंपाच्या आत रंग गेला तर याला दिसला कुठून?

"रंग कुठं लागला, भाऊ?"

"बैलाले!"

"बैलाले?"

"पांढराशुभ्र बैल माहा. आता मान काळी, गळा काळा. घासून घासून हात दुखले. लोक इचारून राहिले, हा कधी घेतला म्हनून!"

हळूहळू उलगडा झाला. पॅकिंग हातात घेतल्यावर त्याला ते फार मजबूत वाटलं. एवढी चांगली, वेणी घातलेली चौकोनी दोरी पंपात कोंबायला त्याचा जीव झाला नाही. त्यानं त्याचं बैलाला दावं केलं!

मला संताप आवरेना. "अरे बाप्पा, मंग पंपात काय टाकलं?"

तो एकदम शांत झाला. म्हणाला, "पंपात बायकोचं जुनं लुगडं टाकलं. ते मस्त चालून राहिलं, त्याची काही तक्रार नाही!"

* * *

बोदलकशाकडे काही शेतकऱ्यांनी मिळून तलावावर पंप बसवला आहे. त्यांचे अध्यक्ष खेमराजभाऊ. धान निसवायला आलेलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडायची वेळ, पाणी पाहिजेच, आणि पॅकिंगच्या जागेतून धो धो गळत होतं. मी जाऊन पॅकिंग बदललं, नट हळूहळू आवळले आणि थेंब थेंब पडू लागल्यावर थांबले.

खेमराजभाऊ खाली वाकले. "अजून गळून राहिलं."

"तेवढं गळायलाच पाह्यजे, भाऊ. त्या थेंबानं शाफ्ट थंड राहते. पुरं बंद केलं तं पॅकिंग जळन."

त्यांनी आजूबाजूच्या लोकांकडे पाहून मान हलवली. "म्हंजे दुरुस्त करूनबी गळनारच! वा रे मेकॅनिक!"

सगळे हसले. मी पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा समजावलं. हात जोडले, नटाला हात लावू नका. "हाव, हाव" म्हणाले.

मी तिरोड्याच्या स्टँडवर चहा घेते न घेते तोच फोन.

"ताई, तुमाले जमलं नाही ते आमी करून दाखवलं. नटाच्या पान्याले लांब पाईप अडकवला अन् दोघं त्याले लटकले. आता एक थेंब नाही!"

"भाऊ, पंप बंद करा. आत्ताच्या आत्ता!"

"करतो ना, करतो. पन ताई, धूर काऊन निघून राहिला?"

परत गेले. पॅकिंगचा कोळसा, शाफ्टवरच्या नळीवर, म्हणजे स्लीव्हवर, चरे. स्लीव्ह आणायची, बसवायची, दिवस गेला. शेतकरी बांधावर बसून माझ्याकडे डोळे लावून होते, धानाचा प्रश्न होता, म्हणून मी भांडण बाजूला ठेवलं. संध्याकाळी पाणी चढलं.

आणि खेमराजभाऊ आजही पंचक्रोशीत सांगत फिरतात, "त्या बाईचं पॅकिंग जळकं निघालं!"

* * *

आता हा एका मिलमालकाचा किस्सा. त्यांच्या गरम पाण्याच्या पंपाला मेकॅनिकल सील लागतं. दोन गोल चकत्या एकमेकांवर फिरतात, आरशासारख्या गुळगुळीत. त्यांना आम्ही बोटसुद्धा लावत नाही. पंप फिटर त्यांचाच होता, मी फक्त सील दिलं आणि बजावलं, डब्यातून काढून सरळ बसवायचं.

दुसऱ्या दिवशी शेठजींचा फोन, "भाभी, डुप्लिकेट माल दे दिया! पहले दिन से लीक!"

मी तणतणत गेले. सील उघडलं तर दोन चकत्यांच्या मध्ये लाल चिखल, आणि त्या चिखलात तांदळाचा चुरा! मी शेठजींकडे बघितलं. ते छताकडे बघायला लागले.

झालं असं होतं, की नवीन वस्तू आली म्हणून त्यांच्या आईनं दोन्ही चकत्यांना हळदकुंकू लावलं होतं आणि वर अक्षता. शेठजी म्हणाले, "माँ का मन रखना पड़ता है."

"आन् माझा माल डुप्लिकेट म्हनायचं, ते कोनाचं मन ठेवायले?"

तेवढ्यात आजीबाई स्वतःच आल्या. पंपाखाली साचलेलं पाणी वाकून बघितलं, आणि प्रसन्न चेहऱ्यानं मला म्हणाल्या, "अरे बेटी, पहला पानी तो लाल ही आना चाहिए!"

* * *

शेवटचं ऐका. हे आठवलं की अजून डोकं तापतं.

नवेगाव बांधच्या पुढं एक गाव आहे, नाव सांगत नाही. गावाच्या नळयोजनेचा पंप. त्याचं पॅकिंग सारखं ढिलं पडायचं. बदललं की काही दिवसांत पाणी वाहायला लागायचं. टाकी भरायची नाही, नळाला धार यायची नाही आणि ग्रामसेवक मला फोन करून झापायचे, "निकृष्ट माल देता तुम्ही. मी वर कळवतो."

निकृष्ट! मी सगळ्यात चांगलं पॅकिंग नेलं, स्वतः बसवलं. पुन्हा तेच. आता मात्र माझी सटकली. डबा घेऊन गेले आणि पंपघराच्या मागं पळसाखाली बसून राहिले. बघू तर, कोण ढिलं करते!

दुपारी, ऑपरेटर जेवायला गेल्यावर, एक बाई आली. डोक्यावर पाणी भरायची गुंडी, कमरेला पदरात पाना खोचलेला. सरळ आत गेली, नट ढिले केले आणि पाण्याखाली गुंडी लावली. तिच्या मागून आणखी बायका, रांगेनं.

मी धावलेच. "ए बाई! कायले खोलून राहिली? तुझ्यापायी मी बदनाम झाली ना!"

ती दचकली नाही. गुंडी भरेपर्यंत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग म्हणाली, "तूच का ते दोरी लावनारी?"

"हाव."

"पहिलेची बरी होती. हे नवी लय कड्डक हाय, पानीच सोडत नाही."

मी म्हटलं, "पन इथून कायले भरता? घरी नळ नाही का?"

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही. ती म्हणाली, "हाय ना नळ. चाल, दाखवतो."

त्यांचा टोला, म्हणजे वस्ती, तिथून नाल्यापलीकडे. मी तिच्या मागोमाग गेले. घरोघरी अंगणात सिमेंटचा ठोकळा, ठोकळ्यावर चकचकीत नळ. तिनं स्वतःच्या दारातला नळ फिरवून दाखवला. आतून हवासुद्धा आली नाही. मी ठोकळ्यामागं वाकून बघितलं. नळ होता, पाईप नव्हता. नाला ओलांडून पाईप आलेलाच नव्हता! पण नळ मजबूत बसवलेला, म्हणून त्याला बकरी बांधलेली होती.

"पाईप कधी येनार?"

"नळ आला तवा म्हनले, मांगून येते. लेकीचं लग्न झालं, नातू झाला, येऊनच राहिला."

मी मोबाईलवर फोटो काढला. नळ, ठोकळ्यामागची रिकामी जमीन, बकरी. आणि तशीच तरातरा ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक खुर्चीत बसून मला बघून म्हणाले, "काय ताई, सापडला का दोष? पॅकिंगच खराब ना?"

"पॅकिंग चांगलं हाय, साहेब. टोल्यावर पानी नाही म्हनून बाया पंपावर येऊन राहिल्या."

"टोल्यावर? असं कसं? तिथं तर घरोघरी नळ दिले."

मी मोबाईल त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. फोटो बोटांनी मोठा केला, इकडून बघितला, तिकडून बघितला. मला वाटलं, चला, आता तरी यांना नसलेला पाईप दिसला.

मग त्यांनी चष्मा काढला आणि कडक आवाजात विचारलं,

"शासकीय नळाला बांधलेली ही बकरी कोणाची आहे?"