एक वाट जादा

नेटवर्कची कामं रात्री करायची असतात, असं आमच्या धंद्यात सगळे मानतात. रत्नागिरीतल्या त्या हॉस्पिटलात नवजात बाळांच्या विभागातल्या सिस्टरनी मात्र मला उभंसुद्धा केलं नाही. "रात्री मी एकटी असते. दुपारी करा, तेव्हा माणसं असतात," म्हणाल्या. मी धुसफुसले, पण त्यांचं बरोबर होतं.

काम म्हटलं तर लहान. हॉस्पिटलचे सर्व्हर नव्या आभासी नेटवर्कवर गेले होते. ओव्हरले म्हणतात त्याला. बाळांच्या उशाशी असलेले मॉनिटर जुन्या व्हीलॅनवरच, म्हणजे जुन्या नेटवर्कवरच राहिले. त्यांचे पत्ते कंपनीने कायमचे बसवलेले, आणि स्वतःच्या नेटवर्कबाहेर कुणाशी ते बोलतच नाहीत. तेव्हा दोन्ही नेटवर्क लेअर टूवर, म्हणजे अगदी तळाच्या पातळीवर, ब्रिजने, म्हणजे एका पुलाने, जोडायची, इतकी बेमालूम की मॉनिटरला वाटावं, सर्व्हर आपल्याच घरात आहे. फक्त ही जोडणी एकच हवी. दोन झाल्या की एकीतून गेलेला निरोप दुसरीतून परत येतो, पुन्हा जातो, आणि त्या गर्दीत खरा निरोप कुठे पोचत नाही. म्हणून दोन्हींना आधीपासून जोडणारी जुनी केबल मी सकाळीच काढून ठेवली होती.

आतल्या खोलीत दिवस न भरलेलं एक बाळ पेटीत होतं. ते मध्येच श्वास घ्यायचं विसरायचं. तळपायाला टिचकी मारली की पुन्हा सुरू. आतल्या मॉनिटरचा आवाज खोलीच्या काचेबाहेर येत नसे, त्यामुळे सिस्टरची सगळी भिस्त बाहेरच्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर. माझं काम होईपर्यंत त्यांनी प्रत्येक बाळापाशी एकेक माणूस बसवलं. या बाळापाशी त्याची आई होती, खेडकडच्या कुठल्याशा वाडीतली, नवरा मुंबईला कामाला. "यंत्राकडे बघू नको, छातीकडे बघ," सिस्टरनी तिला बजावलं.

मी ब्रिज सुरू केला. स्क्रीनवर आकडे उमटले, बाळाचा ऑक्सिजन उत्तम. सिस्टर हसल्या. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ही रेघ हलत का नाही?"

कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं होतं. स्क्रीन कोरी झाली असती तर परवडलं असतं. ही थिजली होती, आणि बाळ छान आहे म्हणून सांगत होती. सिस्टर उठून आत धावल्या. मी शेजारच्या खोलीत, नेटवर्कच्या रॅककडे.

तिथे हॉस्पिटलचे मालक, म्हातारे डॉक्टर, कौतुकाने बघत उभे होते. सगळ्या केबली येतात त्या स्विचचे सगळे दिवे एकदम पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. दुसरी जोडणी कुठूनतरी झालीच होती.

"इथे कुणी हात लावला?" मी ओरडले.

"ती जुनी केबल ना गो? मीच लावली, तू चहाला गेलीस तेव्हा. एका वाटेवर कशाला राहायचं? असू दे म्हटलं, एक वाट जादा."

चक्रीवादळात वीज, फोन सगळं गेलं तेव्हापासून आमच्याकडे कुणीच एका वाटेवर राहत नाही. डॉक्टरांच्या पावस गावातल्या बागेत विहिरीवर दोन पंप आहेत. माझ्या आईच्या फोनमध्ये दोन कंपन्यांची सिमकार्डं. सगळं कळत होतं, तरी मला इतका संताप आला की वय, मान काही न बघता मी त्यांना हाताने बाजूला सारलं. केबल त्यांनी इतर केबलींबरोबर नीटनेटकी बांधूनसुद्धा टाकली होती! कुठली जुनी, कुठली नवी, कळेना. चुकीची ओढली असती तर उरलेली वाटही गेली असती. शेवटी रंगावरून ओळखली आणि उपटली. दिवे शांत झाले.

मी स्क्रीनपाशी पळाले. घड्याळ चालू होतं. आणि बाळाचा आकडा लाल, खूप खाली. मग तो एकेक करत चढायला लागला.

काचेतून पाहिलं तर आईचा हात पेटीच्या भोकातून आत, बाळाच्या तळपायावर. सिस्टर पोचण्याआधीच छाती थांबलेली तिने पाहिली होती आणि टिचकी मारली होती. पहिलीने नाही, दुसरीने बाळ रडलं.

डॉक्टर आत गेले आणि तिच्यासमोर हात जोडून म्हणाले, "चूक माझी होती." तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर छातीवर.

"आता झालं सगळं सुरू," सिस्टर तिला म्हणाल्या. "मी बघते स्क्रीनवर. तू जा, दोन घास खाऊन ये."

"तुमचा चालू झाला ता बरा झाला," ती म्हणाली. "पन मी हात नाय काढायची."

मला सांगायचं होतं की आता खरंच सगळं ठीक आहे, मी दोनदा तपासलंय. सिस्टरनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टेबलामागची आपली खुर्ची उचलून आत तिला बसायला नेऊन दिली.