चांदणीची नाडी उतरेना

"मॅडम, पुन्हा एकदा बघा ना," नंदिनी म्हणाली.

मी चांदणी घोडीच्या डाव्या कोपराच्या मागे पुन्हा स्टेथोस्कोप लावला. ठोके कमी व्हायच्या ऐवजी वाढले होते. मला काही कळेना.

बाळांनो, तुमची आजी घोड्यांची डॉक्टर होती हे तुम्हाला माहीत आहे. तारोडीच्या किनाऱ्यावर त्या सकाळी एन्ड्युरन्स राइड होती, म्हणजे लांब पल्ल्याची घोडेस्वारी. हिच्यात नुसतं जोरात पळून भागत नाही. मध्ये एक थांबा असतो, त्याला व्हेट गेट म्हणतात. तिथे आल्यावर अर्ध्या तासात घोड्याची नाडी मिनिटाला चौसष्टपर्यंत उतरली पाहिजे. नाही उतरली तर घोडा बाद. उतरली तर विश्रांती, मग पुन्हा तपासणी आणि पुढचा टप्पा. म्हणून हुशार स्वार गेट जवळ आलं की खाली उतरतो आणि घोड्याला चालवत आणतो.

नंदिनीने तसंच केलं होतं. ती इंद्रलोक नावाच्या वस्तीत राहायची, बँकेत नोकरी करायची आणि रविवारी रायडिंग क्लासला यायची. चांदणी क्लासची घोडी. मालकाने सांगून टाकलं होतं, ही राइड पूर्ण झाली नाही तर चांदणीला वरातीच्या कामाला देणार. चांदणी साध्या सुतळी बॉम्बलाही थरथरायची. नंदिनीने त्या सकाळी मला हे दोनदा सांगितलं होतं.

चांदणीबरोबरच राई गावच्या जनार्दन पाटलांचा घोडा हिरा गेटवर आला होता. सकाळपासून दोघं जोडीने पळत होते. हिराची नाडी लगेच उतरली. मी त्याला पास केलं आणि पाटील त्याला घेऊन गेले. चांदणीचीही उतरतच आली होती. आणि आता एकदम उसळली.

मी क्रमाने तपासत गेले. हिरड्या गुलाबी. कातडीची चिमूट सोडली की लगेच सपाट, म्हणजे अंगात पाणी पुरेसं. पोटात गुडगुड चालू, चाल सरळ. थकलेली घोडी अशी नसते. स्टेथोस्कोपच बिघडला की काय म्हणून मी तो स्वतःच्या छातीला लावला. तिथेही जरा जोरातच चाललं होतं.

राइडचे मुख्य पंच कर्नलसाहेब आले. "डॉक्टर, पास या फेल?"

"अजून वेळ आहे."

"थोडाच आहे. घोडीला झालंय काय?"

"तेच कळत नाहीये."

"'कळत नाही' असा निकाल नसतो, डॉक्टर."

तेवढ्यात चांदणीने मान उंच केली आणि सुरूच्या झाडांकडे बघून जोरात खिंकाळली. झाडांपलीकडून उत्तर आलं.

"हिरा!" नंदिनी म्हणाली. "विश्रांतीचा मांडव इथे आहे, त्याला तिकडे कशाला नेलंय? मॅडम, मुद्दाम केलंय हे! सकाळपासून माझ्या घोडीला चिकटून पळवला आणि आता लपवला. बोलवा त्यांना परत."

कर्नलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळे नियम आठवून पाहिले. पास झालेला घोडा कुठे उभा करायचा, याबद्दल काही नव्हतं. घोडीचं काळीज दमून धडधडतंय की सोबती दिसेनासा झाला म्हणून, याबद्दलही नव्हतं. आकडा तेवढा होता. पाटलांना बोलावलं तर मी एका स्पर्धकाला मदत केली असं होणार. नाही बोलावलं तर धडधाकट घोडी माझ्या हातून बाद होणार.

"मला त्यांना हुकूम देता येत नाही," मी म्हटलं.

"मग वरातीत नाचवायची का हिला?"

चांदणी वाळू उकरत होती.

मग झाडांमधून पाटील स्वतःच आले. खरं तर हिरा त्यांना ओढत घेऊन आला. घामाने निथळत होता.

"डाक्टरीण बाय, माजा घोरा बगा जरा. पानी पीत न्हाय, दाना खात न्हाय, निस्ता वरडतंय. पुन्यांदा तपासाल तवा बाद व्हईल ना!"

"का हो काका," नंदिनी म्हणाली, "सावली मानवली नाही वाटतं?"

"सावलीलाच नेलता ताय, दुसरं काय न्हाय."

हिराने चांदणीच्या मानेवर मान टाकली. चांदणीने एक मोठा सुस्कारा सोडला. मी स्टेथोस्कोप लावून उभी राहिले. ठोके हळूहळू लांब पडत गेले आणि वेळ संपायच्या आत चौसष्टच्या खाली आले.

"पास," मी म्हटलं.

"हे चालतं?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"घोडा न्यायला मनाई नव्हती, तशी आणायलाही नाही."

पुढच्या टप्प्यात दोघांनाही एकमेकांना सोडून पळता येईना. नंदिनीने लगाम सैल सोडला तरी चांदणी हिराच्या पुढे जाईना. पाटलांनी टाच मारली तरी हिरा मागे वळून बघायचा. शेवटी हिरा मानभर पुढे राहिला. शेवटच्या तपासणीला दोघांना शेजारी उभं केलं, दोघंही पास. पहिला नंबर पाटलांचा. राइड पूर्ण केली म्हणून चांदणी क्लासमध्येच राहिली. मालक कुरकुरला, पण शब्दाला जागला.

सामान आवरताना मी पाटलांना गाठलं. "खरं सांगा, मुद्दाम नेला होता?"

ते हसले. "ऊन किती व्हतं, बाय!"

ऊन होतंच. माझा विश्वास बसला, आणि बसलाही नाही. आजही तसंच आहे. स्टेथोस्कोपात ठोके ऐकू येतात, बेत ऐकू येत नाही.

पुढच्या राइडच्या आधी मी कर्नलसाहेबांना एक नियम घालायला लावला. जोडीने आलेले घोडे दोघांची नाडी उतरेपर्यंत एकमेकांच्या नजरेआड न्यायचे नाहीत. आणि मांडव दुप्पट मोठा बांधायचा.

"मांडव कशाला?" त्यांनी विचारलं.

"सावलीसाठी," मी म्हटलं. "पाटलांना ऊन लागतं."