नकाराचं कारण

कुत्र्यांच्या कवटीचा आणि मेंदूचा आकार सीटी स्कॅनवर अभ्यासायचा होता, म्हणून गावठी कुत्री शोधत मी वैशाखरे गावात गेलो. खळ्यावर भात झोडून टेकलेली एक बाई भेटली. म्हसाच्या जत्रेत बैल पारखताना ठेवतात तसा पंजा तिने आपल्या कुत्र्याच्या कपाळावर ठेवला होता. बोलताना तो एकदाही उचलला नाही.

मी तिचा कुत्रा स्कॅनसाठी मागितला आणि मोबाइलवर चपट्या तोंडाच्या, विलायती कुत्र्याचा स्कॅन दाखवला. म्हटलं, "माणसाने हौसेपायी पिढ्यान्‌पिढ्या याचं नाक आखूड केलं, तसा आतला मेंदूही वाकला."

"मंग ज्याला ही हौस आली, त्याचं डोकं घाला मशिनीत. माजा कुत्रा नाय देनार."

संमतीच्या फॉर्मवर नकाराचं कारण म्हणून मी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. आमच्या प्रकल्पाच्या साहेबांनी ते खोडलं.

मी पुन्हा लिहिलं.