इमारतीवरून पडलेला माणूस

नोकरीला लागल्यावरही मी कॉमिक्स जमवत होतो, आणि हे आमच्या देवळाली प्रवरात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सोसायटीत उसाच्या नोंदी करणारा मिशीवाला माणूस घरी येऊन अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांतल्या उडत्या माणसांची पुस्तकं उघडून बसतो, हे कळलं असतं तर माझं लग्न आणखी लांबलं असतं. पुस्तकं नगरच्या रद्दीवाल्याकडून आणायचो. कॅम्पातल्या लष्करी साहेबांची बदली झाली की त्यांच्या मुलांची कॉमिक्स किलोवर निघत. इंग्रजी मला बेताचंच येई, पण मारामारीला फार इंग्रजी लागत नाही.

त्यातल्या एका अंकानं माझं डोकं खाल्लं होतं. नायकाची ताकद गेलेली, खलनायकानं त्याला उंच इमारतीवरून ढकललेलं, आणि खाली लिहिलेलं की उरलेलं पुढच्या अंकात. पुढचा अंक काही मिळेना. वर्ष उलटलं तरी तो पडतच होता. एकदा जेवताना आईला ही गोष्ट सांगितली. तेव्हापासून मी नगरहून आलो की तीही विचारायची, "घावलं का पुढचं?"

शेवटी घावलं. नगरच्या एका शिंप्याकडे तो अंक होता. साहेबांचे युनिफॉर्म शिवता शिवता त्यालाही हाच नाद लागलेला. पण बदल्यात त्याला माझ्याकडचा सगळ्यात जुना अंक हवा होता, आणि त्यावर एकही डाग चालणार नव्हता. डाग नव्हताच. जेवल्या हातानं मी त्याला कधी शिवलो नव्हतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जायचं ठरलं.

दसऱ्याला आईनं नेहमीप्रमाणे खुरपी, विळे, कोयता पूजेला मांडले. त्यांच्या शेजारी घरातली पुस्तकं मांडायची, म्हणून माझी ट्रंक उघडून सगळी कॉमिक्स मांडली. मी आंघोळ करून आलो तर प्रत्येक नायकाच्या कपाळाला ओलं हळदकुंकू. सगळ्यात जुन्याला जरा जास्तच.

"ह्यो उद्या तुज्यासंगं जानार ना," आई म्हणाली, "म्हनून नीट लावलं. तुजं काम हुईल."

संताप आला होता. पण पूजा केली म्हणून आईवर ओरडायचं कसं? मी आरती म्हटली.

दुसऱ्या दिवशी शिंप्यानं अंक उजेडात धरला नि परत दिला. "न्हाई जमायचं. कुंकू हाय."

"पूजेचं आहे," मी म्हटलं.

"व्हय, पन डागच की."

मग मी गयावया केली. अंक देऊ नका, इथंच उभ्यानं दोन पानं बघू द्या. त्यानं फळीवरून तो काढून दाखवला. खताच्या गोणीतल्या प्लॅस्टिकात घालून चारी बाजूंनी मशीनची टीप मारली होती, कसर लागू नये म्हणून.

"उसवायचा न्हाई," तो म्हणाला.

"बरं, तो माणूस मरतो का, तेवढं तरी सांगा."

"मला काय ठावं? आला तसा शिवून टाकला."

एसटीत खिडकीकडे तोंड करून बसलो. एवढ्याशा गोष्टीवरून माझे डोळे भरून आले होते, आणि शेजारी ओळखीचा माणूस होता.

घरी आई दारात ओल्या शेंगा निवडत बसली होती. "मंग? जगला का त्यो?"

तिच्या तोंडाकडे बघून मला खरं सांगवेना. "जगला."

"कुनी झेललं?"

ह्याची तयारी मी केली नव्हती.

"त्याच्या आईनं," म्हटलं.

आईनं शेंगा माझ्याकडे सरकवल्या. "मंग, दुसरं कोन येनार?"