वाचून पुसणारा

टिटवाळ्याला आमच्या सोसायटीच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने काहीबाही लिहून ठेवायचं. कमिटीने ते पुसायचं काम माझ्यावर सोपवलं आणि मी नाक्यावरून एक रंगारी घेऊन आलो. साठीचा, सडपातळ, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला. नाव काही मी विचारलं नाही. दोन तासांचं तर काम.

तो प्रत्येक ओळ आधी मोठ्याने वाचायचा, जरा थांबायचा आणि मगच तिच्यावर ब्रश फिरवायचा. ‘रोज पळून कुठे पोचलास?’ वाचलं, पुसलं. ‘शेजाऱ्याचं नाव सांग बघू.’ वाचलं, पुसलं.

“काका, वाचत काय बसलात? आटपा की,” मी म्हणालो.

“कोनी वाचावा म्हनूनच लिवलाय ना त्यानं? न वाचता कसा पुसायचा?”

शेवटची ओळ गेटजवळ होती. ‘या जागेवर आधी काय पिकायचं?’ ती वाचून त्याने माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं झाली मला इथे राहायला येऊन, पण ते काही ठाऊक नव्हतं. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

“भात,” तो भिंतीकडे बघतच म्हणाला. “नि भात निघाला का वाल.” मग ब्रशने पार्किंगमधली माझी गाडी दाखवली. “तिथवर आमचा बांध व्हता.”

आवाजात तक्रार नव्हती. बाकीच्या ओळींवर त्याने रंगाचा एकेकच हात दिला होता. या ओळीवर तीन दिले, आणि रस्त्यापलीकडे जाऊन एखादं अक्षर दिसत तर नाही ना, हे बघून आला.